शपथेच्या दिवसाची हेमांगी

सातसरच्या संसदेत गेल्या पाच वर्षांत एकाही सदस्याने पक्ष बदलला नव्हता. ही गोष्ट सातसरचा माणूस छाती काढून सांगतो, आणि त्याला तो हक्कही आहे, कारण त्याआधी त्याने जे जे पाहिलं ते आठवलं तरी त्याची मान खाली जाते. हिंदी महासागरातला हा सात बेटांचा एवढासा देश. मालवण-वेंगुर्ल्याकडची माणसं कोणे एके काळी गलबतांत घालून इथे दीपगृहं बांधायला आणली गेली, आणि काम झाल्यावर त्यांना परत न्यायची आठवण कुणाला राहिली नाही. तीच माणसं पुढे देश झाली. आपल्याकडच्या एखाद्या लहानशा तालुक्याएवढी वस्ती, आणि संसदेत पंचवीस खुर्च्या. पण मागच्या मुदतीत त्या पंचवीस खुर्च्यांनी चार सरकारं पाडली. एक महाशय तर सकाळी सत्तेत, दुपारी विरोधात आणि संध्याकाळी आजारी, असा खेळ आठवडाभर करत होते. सदस्यांचे भाव बंदरावरच्या मासळीसारखे रोज चढायचे-उतरायचे, आणि मासळी निदान ताजी तरी असायची.

लोक विटले होते, आणि नेमक्या त्याच सुमाराला ठसा आला.

ठसा म्हणजे जादू नव्हे. माणूस एखाद्या गोष्टीला हो किंवा नाही म्हणतो तेव्हा त्याआधी त्याच्या मेंदूत एक तोलणं चाललेलं असतं. फायदा, भीती, लाज, दिलेला शब्द, गावाची ओढ, बायकोचा धाक, सगळं पारड्यात पडतं. यातल्या कशाला किती वजन, हे मात्र माणसागणिक वेगळं असतं. शास्त्रज्ञांनी ही वजनं मोजायची रीत काढली. डोक्यावर तारांच्या जाळीची टोपी घालायची आणि माणसाला काही तास बसवून हजारो बारीकसारीक प्रश्न विचारायचे. जीभ खोटं बोलली तरी बिघडत नसे, कारण टोपी जिभेकडे बघतच नव्हती. वजनं हाती आली की त्यांवरून त्या माणसाच्या मनाची एक गणिती प्रतिकृती तयार व्हायची. तिच्यापुढे कोणतंही विधेयक ठेवा, हा माणूस त्यावर काय म्हणेल ते ती सांगायची, आणि क्वचितच चुकायची.

सातसरने कायदा केला. निवडून आलेल्या प्रत्येक सदस्याचा शपथेच्या दिवशी ठसा घ्यायचा आणि त्याला कुलूप लावायचं. सभागृहात यंत्राने मतं मोजली जातील तेव्हा मोजलं जाईल ते ठशाचं मत. सदस्याने खुशाल दुसरी कळ दाबावी, टाळ्या पिटाव्यात, डोकं आपटावं. लोकांनी ज्या दिवशी ज्या माणसाला निवडलं, मत त्या माणसाचं. नंतर त्याला कुणी किती खाऊपिऊ घातलं याच्याशी देशाला कर्तव्य नाही. कायदा झाला त्या दिवशी बंदरावर ढोल वाजले. सदस्य विकत घेणाऱ्यांचा धंदा एका दुपारीत बसला.

हेमांगी तारी त्याच लाटेवर निवडून आली होती. पंतप्रधान विश्राम पराडकर तिचे सख्खे मामा. आई गेल्यावर तिला आणि धाकट्या दिगूला त्यांनीच वाढवलं. हेमांगीचं बोलणं खणखणीत आणि पाठ कण्यासकट ताठ, म्हणून मामांनी तिला पक्षाची प्रतोद केलं. इतर देशांत प्रतोदाच्या नाकी नऊ येतात, सदस्यांना गोळा करा, दटावा, शौचालयातून ओढून आणा. सातसरमध्ये ठशामुळे ते काम उरलंच नव्हतं. उरलं होतं फक्त उठून एक शब्द बोलणं.

त्याचं असं झालं होतं. ठशाचा कायदा करणाऱ्यांनी सभागृहाचे जुने नियम बदलायचा कंटाळा केला. त्या नियमांप्रमाणे प्रत्येक विधेयक आधी आवाजी मतदानाला जायचं. अध्यक्ष विचारणार, सदस्य 'होय' किंवा 'नाही' ओरडणार, आणि ज्या बाजूचा आवाज मोठा वाटला तिचं बहुमत अध्यक्ष तीनदा उच्चारणार. तिसऱ्या उच्चाराआधी प्रतोदाने उठून 'मतविभागणी' म्हटलं तर यंत्र चालू होणार. इतक्या छोट्या सभागृहात ऊठसूट कुणी मोजणी मागू नये म्हणून हा अधिकार फक्त दोन्ही बाजूंच्या प्रतोदांना होता. त्यामुळे पाच वर्षं एकच देखावा चालला होता. अध्यक्ष विचारायचे, सदस्य पेंगत काहीतरी पुटपुटायचे, हेमांगी उठून 'मतविभागणी' म्हणायची आणि खाली बसायची. तिच्या मैत्रिणी तिला चिडवायच्या, "देशात सगळ्यात कमी बोलून पगार घेणारी बाई."

तिला त्याची लाज वाटत नव्हती. कायदा चांगला होता, यंत्र प्रामाणिक होतं आणि मुदत सुखाने संपत आली होती.

शेवटच्या अधिवेशनात उड्डाणतळाचं विधेयक आलं. सातवं बेट, ज्याला सगळे धाकटं म्हणतात, एका परदेशी कंपनीला द्यायचं. विषुववृत्ताजवळची जागा, पूर्वेला मोकळा समुद्र, अवकाशयानं सोडायला यासारखं ठिकाण नाही. बदल्यात देशाला पैसा आणि पोरांना नोकऱ्या. धाकट्यावर तीनशे माणसं राहत होती. त्यांना मोठ्या बेटावर घरं मिळणार होती. हेमांगीने हेच वचन देऊन निवडणूक जिंकली होती. मुदतीच्या पहिल्याच वर्षी ती स्वतः धाकट्यावर जाऊन लोकांची संमती घेऊन आली होती. तिथल्या लोकांनी तिला पाटावर बसवलं, भरलेलं ताट पुढे केलं, आणि तिने सगळं समजावून सांगितल्यावर म्हणाले, "तुमी म्हणतास तर बघूया." तिने परत येऊन लिहून दिलं, की विरोध कुणाचाही नाही.

आता विधेयकाआधी शेवटची एक भेट म्हणून ती पुन्हा गेली, सकाळी जाऊन दुपारी परतायच्या बेताने. पण समुद्र उठला आणि होड्या बंद पडल्या. शेवंती तांडेल नावाच्या बाईच्या घरी तिचा मुक्काम पडला. शेवंतीचा नवरा मासेमारीला गेला की महिनोन्‌महिने येत नसे, घर शेवंती आणि तिच्या जावा मिळून चालवत. दोन दिवस हेमांगीचं पाहुणी म्हणून कौतुक झालं. तिसऱ्या दिवशी शेवंतीने खारवायच्या बांगड्यांची पाटी तिच्यापुढे आदळली आणि हातात सुरी दिली.

"फोड," ती म्हणाली.

हेमांगीला गंमत वाटली. तिने पदर खोचला. पोट चिरायचं, आतडी काढायची, मीठ भरायचं. थोड्या वेळाने बोटं चरचरायला लागली, पण उठायची सोय नव्हती, कारण आजूबाजूच्या सगळ्या बाया बसल्या होत्या. एक पाटी संपली, दुसरी आली.

"आता सांगतंय," शेवंती मान वर न करता म्हणाली. "आमका हयसून जावचा नाय. कोणाकच नाय."

हेमांगीची सुरी थांबली. "अगो, पण तेव्हा तर तुमी हो म्हटलास!"

"हो खय म्हटलंव? बघूया म्हटलंव. ताटार बसलेल्या पावण्याच्या तोंडार कोण नाय म्हणतलो? आमच्यात तशी रीत नाय."

"मगे आज कशी म्हणतंस?"

"आज तू पावणी खय आसंस? हात बघ तुझे. तीन दिस झाले. आता तू घरातली. घरातल्याक खोटा सांगूचा नाय."

बाया हसल्या. हेमांगी हसली नाही. पाच वर्षं ती ज्या कागदाच्या जिवावर सभागृहात ठामपणे बोलत होती, तो कागद भरल्या ताटावरून उठून लिहिलेला होता. आपल्या आजोळी, आपल्या स्वतःच्या घरी हीच रीत होती. पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण खुर्चीवर बसल्यावर आपण आता पाहुणे झालो आहोत, हेच तिच्या लक्षात आलं नव्हतं. ती शरमेने लाल झाली.

"पण कारण काय?" तिने तरीही विचारलं. "घरा चांगली आसत. पाणी आसा, शाळा आसा."

शेवंतीने आता वर पाहिलं. "कारण कित्याक? तुझ्या घरातसून तुका भायर काढूक कोण इलो, तर कारण तेना देवचा. तू कित्याक?"

देशाच्या प्रतोदाने पुढचा बांगडा उचलला. समुद्र बसेपर्यंत ती तिथेच राहिली. मासे फोडले, काथ्या वळला, एका बाळंतपणाला पाणी तापवलं. धाकट्यावर काही स्वर्ग नव्हता. डास होते, भांडणं होती, डॉक्टर नव्हता. पण ही माणसं तीनशे आहेत असं तिला आता म्हणता येईना. ती शेवंती होती, शेवंतीची कजाग मोठी जाऊ होती, आदल्या दिवशी जन्मलेली पोर होती.

परतल्यावर तिने पहिल्यांदा दिगूला सांगितलं. तिला वाटलं, घरचा माणूस, समजून घेईल. दिगू तीन वर्षं परदेशात राहून मोठमोठ्या क्रेन चालवायला शिकून आला होता, आणि ते शिक्षण उड्डाणतळाच्या भरवशावर घेतलेलं होतं. सातसरमध्ये क्रेन म्हणावी अशी एकच, आणि तीही गंजलेली.

"म्हणजे मी क्रेन शिकलंय ती बांगड्यांच्या पाटये उचलूक?" तो म्हणाला.

"दिगू, मी तुका नोकरी नको म्हणत नाय."

"तसाच म्हणतंस, ताय. माका सांगलंस, बंदराक सांगलंस, सगळ्यांका सांगलंस. लोकांनी तुका कशासाठी निवडल्यानी?"

तो जेवणावरून उठून गेला आणि त्यानंतर तिच्याशी बोलेनासा झाला. त्याचं चुकलं असं तिला म्हणता येईना. तिने शब्द दिला होता आणि आता ती तो मोडणार होती, यात आडपडदा ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. आडपडदा न ठेवायचा म्हणून ती सरळ मामांकडे गेली.

विश्राममामा अंगणात आरामखुर्चीत बसून नारळपाणी पीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि तिला आशा वाटली.

"झाला बोलान?" ते म्हणाले. "मगे आता आयक. तुका भाषण करूचा आसा तर कर. रड, ओरड, धाकट्याचो नाच करून दाखव. तुझा मत माका नको गो बाय. तुझो ठसो आसा माझ्याकडे."

"मामा, मी आता तशी नाय रवलंय."

"नसशीत. म्हणान तर कायदो केलो." ते हसले, आणि ते हसणं प्रेमाचंच होतं, हे तिला जास्त लागलं. "माणूस बदलता. कधी पैशान बदलता, कधी रडण्यान. देशाक तेचा काय? उद्या तू फक्त उभी रव आणि तुझो शब्द म्हण. बाकीचा यंत्र बघीत."

"तुमका माझो राग नाय येणा?"

"राग कित्याक येतलो? तू काय करू शकतंस?"

हेमांगी तिथून निघाली ती तिरीमिरीतच. तिला प्रतोदपदावरून काढण्याइतकीही किंमत त्यांनी दिली नव्हती. चिडून तिने होडीच्या धक्क्याकडे न जाता ठसाघराची वाट धरली.

ठसाघर संसदेच्या तळमजल्यावर होतं. मालन मेस्त नावाची शांत बाई ते सांभाळायची. कोणत्याही सदस्याला आपल्या ठशाशी बोलायची मुभा होती, पण सहसा कुणी येत नसे. आपल्याशीच बोलायला कोण मुद्दाम येतो?

"त्याला नवी माहिती देता येते ना?" हेमांगीने विचारलं.

"माहिती हवी तेवढी द्या," मालन म्हणाली. "अहवाल द्या, साक्षी द्या, तुमचं सगळं म्हणणं सांगा. फक्त वजनं बदलत नाहीत. कशाला किती मोल द्यायचं, ते शपथेच्या दिवशी होतं तेवढंच. त्यालाच तर कुलूप आहे."

मालनने कळ फिरवली आणि भिंतीतून हेमांगीचाच आवाज आला. थोडा तरुण, फार खणखणीत. तो सभागृहाच्या शुद्ध भाषेत बोलत होता. घरची बोली त्याला शिकवायची तरतूदच कायद्यात नव्हती.

"नमस्कार. मी सदस्य हेमांगी तारी."

"मीही," हेमांगी म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. ताट, बांगडे, 'बघूया'चा अर्थ, शेवंती, तिची जाऊ, ती पोर. संमती नव्हतीच, आपण चुकलो, हेही सांगितलं.

"नोंद घेतली," ठसा म्हणाला. "माझं मत होय."

"ऐकलंस ना नीट?"

"ऐकलं. संमती नव्हती हे मान्य. तरीही एका बाजूला तीनशे माणसं आणि दुसऱ्या बाजूला सगळा देश. हे गणित तूच प्रचाराच्या पहिल्या सभेत मांडलंस. टाळ्या पडल्या होत्या."

"तेव्हा मी शेवंतीला ओळखत नव्हते."

"आता मीही ओळखते. तिला किती वजन द्यायचं ते मला माहीत आहे."

"किती?"

"तीनशेपैकी एक."

यंत्र दुष्ट नव्हतं. यंत्र म्हणजे हेमांगीच होती, खरीखुरी, टाळ्या घेणारी. त्या बाईला तिने आरशात कितीदा पाहिलं होतं आणि तिचा अभिमान बाळगला होता. ती एवढी उणी आहे हे तिला आज समोर बसून ऐकावं लागत होतं. तिला रडू आलं आणि रडू आलं म्हणून रागही आला.

"आणि उद्या?" ती कशीबशी म्हणाली. "उद्या तू काय करशील?"

"आवाजी मतदान झालं की मी उठून मतविभागणी मागेन, आणि होय असं मत देईन."

"उठून?"

"उठून."

हेमांगी भिंतीकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. "कशी उठशील गो बाय? पाय खय तुझे?"

ठशाला बोली कळली नसावी. "उठणं सदस्याचं काम आहे," तो म्हणाला. "तेवढा भाग तुझा."

मालनने चमकून पाहिलं. हेमांगीने डोळे पुसले आणि ती बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. वर प्रेक्षकांच्या सज्जात दिगू आणि त्याच्यासारखी नोकरीची वाट पाहणारी पोरं बसली होती. अध्यक्ष बस्त्याव लोबो म्हणजे पिकलं पान, कानात ऐकायचं यंत्र, पण नियम तोंडपाठ. त्यांनी हेमांगीचं नाव पुकारलं तेव्हा मामांनी तिच्याकडे पाहून हात किंचित हलवला, बोल काय बोलायचं ते.

"अध्यक्ष महाराज," हेमांगी म्हणाली, "मी या विधेयकाच्या विरोधात बोलते आहे. माझा ठसा बाजूने आहे. तो खोटा नाही, तो मीच आहे. पाच वर्षांपूर्वीची. मी लोकांना उड्डाणतळाचं वचन दिलं होतं आणि आज मी ते मोडते आहे. मला कुणी विकत घेतलेलं नाही, पण तेही कुणी मानावं असा माझा आग्रह नाही. मी धाकट्यावरून संमती आणली असं या सभागृहाला सांगितलं. ती संमती नव्हती, जेवायला बसलेल्या बाईचा राखलेला मान होता."

सज्जातून कुणीतरी "गद्दार!" म्हणून ओरडलं. आवाज ओळखीचा होता की नव्हता, हे तिने वर बघून तपासलं नाही.

"गद्दार म्हणा. पण या सभागृहात बसलेल्या किती जणांचं मन पाच वर्षांत एकदाही हललं नाही? विरोधी पक्ष सोडा, मी आपल्या लोकांना विचारते आहे. तुमचं मूल मोठं झालं, बाप गेला, गावात पाणी घुसलं, आणि तुम्ही शपथेच्या दिवशी होतात तेवढेच राहिलात? मग तुम्ही घरी राहा, ठसे चालवतील देश. आपलं मत आपल्या हातात नाही हे मला माहीत आहे. पण घसा अजून आपलाच आहे. तो वापरा. एवढंच सांगायचं होतं."

ती बसली. टाळी एकही पडली नाही. इतकी भीती तिला धाकट्याच्या उधाणलेल्या समुद्रातही वाटली नव्हती.

अध्यक्षांनी दारं लावायला सांगितली. एकदा प्रश्न मताला टाकला की सभागृहात कुणी जागचं हलायचं नाही, कुणी बोलायचं नाही, पंतप्रधानांनीसुद्धा. "विधेयकाला अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं."

पाच वर्षांच्या सवयीने सत्ताधारी बाकांवरून पुटपुट उठली. कुणी जांभई देता देता होय म्हणालं, कुणी म्हणालंच नाही. कशाला दमायचं? मोजणी तर यंत्रच करणार.

"प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं."

"नाही!" हेमांगी ओरडली. विरोधी बाकांवरून "नाही!" आलं. आणि मग मागच्या बाकावरून, जिथे वामन टिकम नावाचे सत्ताधारी सदस्य पाच वर्षं झोप काढत होते, तिथून एक असा काही "नाही!" आला की अध्यक्षांचा हात कानाकडे गेला. त्यामागून आणखी एक, डावीकडून एक बायकी आवाज, मग कोण कोण ते कळेनासं झालं. माणसं वर्षानुवर्षं आत दाबून ठेवलेलं काय काय त्या एका शब्दात घालून ओरडत होती. त्यातली किती धाकट्यासाठी ओरडली आणि किती नुसती ओरडायला मिळालं म्हणून, देव जाणे. 'नाही'वाले खरंच जास्त होते का, हेही कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण आवाज जास्त होता, यात शंका नव्हती.

लोबो थोडे गडबडले. मग नियमाने बोलले, "बहुमत 'नाही'च्या बाजूने आहे, असं मला वाटतं."

आणि सवयीप्रमाणे त्यांनी प्रतोदाकडे पाहिलं.

सगळं सभागृह तिच्याकडे पाहू लागलं. तिच्या पायांना सवय होती. ते खरोखरच उठायला निघाले, आणि तिने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. मामांनी मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर अजून राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, घड्याळ बंद पडल्यावर वाटतं तेवढंच.

"बहुमत 'नाही'च्या बाजूने आहे," लोबो दुसऱ्यांदा म्हणाले, आणि थांबले. नियमात जेवढं बसत होतं तेवढे थांबले.

आता मामांना कळलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. ओठ हलले, आवाज न काढता, पण तो शब्द तिला इथूनही वाचता आला. ऊठ. ज्या माणसाने तिला पोहायला शिकवलं, तापात रात्र उशाशी बसून काढली, ज्याच्या एका शब्दावर ती आयुष्यभर उठत आली होती, तो माणूस तिला ऊठ म्हणत होता. तिला त्या क्षणी त्यांच्याबद्दल नुसतं प्रेमच वाटत होतं, आणि तरीही ती बसून राहिली. मान खाली न घालता, त्यांच्या डोळ्यांत बघत, ती बसून राहिली.

"बहुमत 'नाही'च्या बाजूने आहे," लोबो तिसऱ्यांदा म्हणाले. "विधेयक नामंजूर."

मुदत त्या आठवड्यात संपत होती. विधेयक पुन्हा आणायला ना वेळ होता ना नियम.

दारं उघडली तसा गोंधळ झाला. पत्रकार धावले, टिकम लहान पोरासारखे हसत सुटले, कुणी कुणाच्या अंगावर धावून गेलं. सज्जातली पोरं घोषणा देत खाली उतरली होती. दिगू त्यांच्यात होता. तो हेमांगीच्या समोरून गेला, तिच्याकडे पाहिलं, आणि पुढे गेला. हे व्हायचं होतंच. तरी तो दिसेनासा होईपर्यंत ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

मामा आले तेव्हा बाकीचे बाजूला झाले.

"मतदारसंघातली पोरा भायर उभी आसत," ते म्हणाले. आवाज अगदी खाली होता. "तेंका काय सांगतलंस?"

"जा झाला ता. मी शब्द मोडलंय आणि कित्याक मोडलंय. तोंडार सांगतंय तेंका."

"मारतीत."

"मारूदे. नायतर मत देव नये माका. तो तेंचो हक्क आसा."

"मी तुका लेकीसारख्या वाढवलंय, बाय." आता त्यांचा आवाज कापला. "पाच वरसा तुझो ठसो माझ्याशी प्रामाणिक रवलो. एकदा चुकाक नाय. तू नाय रवलंस."

हेमांगीने डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही. ती पुढे झाली, वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि सरळ उभी राहिली.

"मगे पुढच्या निवडणुकीक तिकीट तेकाच देवा, मामा," ती म्हणाली. "तेच्या विरोधात मी उभी रवतलंय."